मद्याचीं टोपणनांवें

इ. स. १७३७ च्या जानेवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं निघणाऱ्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या साप्ताहिकानें आपल्या वाचकांना एक विलक्षण कोश सादर केला. पत्राचा मुद्रक व चालक बेंजामिन फ्रँकलिन हा त्या वेळीं जेमतेम तिशींतला होता. विजेचे प्रयोग आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा या पुढच्या गोष्टी. या कोशांत दारू प्यालेल्या माणसाचें वर्णन करणारे दोनशेंहून अधिक वाक्प्रचार वर्णानुक्रमानें लावलेले होते. ते परभाषेंतून उसने आणलेले नाहींत, विद्वानांच्या ग्रंथांतूनहि काढलेले नाहींत, तर गुत्त्यांत बसणाऱ्यांच्या तोंडून वेंचलेले आहेत, असें प्रास्ताविकांत बजावलें होतें.

या प्रास्ताविकांतच कोशाचें खरें मोल आहे. दुर्गुण हा नेहमीं सद्गुणाच्या वेषांत वावरूं पाहतो, असा त्यांतील विचार. कद्रूपणा स्वतःला दूरदर्शीपणा म्हणवून घेतो, उधळेपणाला औदार्य म्हणवून घेण्याची हौस असते. दारूबाजीचें दुर्दैव असें कीं तिच्या तोंडवळ्याचा एकहि सद्गुण जगांत नाहीं. तेव्हां प्यालेल्या माणसाला ‘प्यालेला’ न म्हणतां तेंच सांगण्यासाठीं निराळे शब्द शोधावे लागतात, आणि शोधतां शोधतां त्यांचा कोश होतो.

फ्रँकलिननें हा नियम पिणाऱ्याला लावला; तो पेयालाहि तितकाच लागू आहे. रोजच्या इंग्रजी बोलण्यांत मद्याला जीं नांवें आहेत त्यांतलें क्वचितच एखादें त्या पदार्थाचें सरळ वर्णन करतें. एका नांवाचा अर्थ पाणी, दुसरें एका आरमारी सेनापतीच्या झग्यावरून पडलेलें, तिसरें चक्क एखाद्या बाईचें असावें तसें. मराठींतला ‘टोपणनांव’ हा शब्द येथें अक्षरशः शोभतो, कारण टोपण म्हणजे झांकण. झांकण काढून पाहिलें कीं आंत बहुधा एखादा कायदा, एखादें युद्ध, किंवा ज्यानें तो पेला कधीं तोंडाला लावला नाहीं अशा माणसाला मोजावी लागलेली किंमत सांपडते.

मूळच्या इंग्रजांना अशा झांकणाची गरज नव्हती. जवाला मोड आणून, ते आंबवून केलेलें ‘एल’ हें त्यांचें घरगुती पेय. पुष्कळ घरांत तें बायकाच करीत, आणि त्याचें पातळ रूप मुलांबाळांच्याहि पोटांत जाई. त्याचें नांव घेण्यांत लाज नव्हती. उलट उत्सवांना आणि मंगल कार्यांना तेंच नांव मिळे. चर्चच्या डागडुजीसाठीं पैसा उभारावयाचा झाला कीं जो उत्सव करीत त्याला ‘चर्च-एल’ म्हणत. आज इंग्रजींत नववधूच्या पोषाखाला ‘ब्रायडल’ हें विशेषण लावतात. पण हा शब्द मुळांत विशेषणच नव्हे. ‘ब्राइड’ आणि ‘एल’ यांचा तो समास आहे. वधूच्या निमित्तानें प्यालेलें एल, म्हणजे लग्नाची मेजवानी, हा त्याचा अर्थ. लग्नाचीं वस्त्रें विकणाऱ्या दुकानाच्या पाटीला जुन्या पिंपाचा वास येतो आहे हें गिऱ्हाइकांच्या गांवींहि नसतें. पंधराव्या शतकांत नेदरलंड्समधून हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घातलेली बिअर आली आणि एल व बिअर असा भेद कांहीं काळ चालला. त्याचा विस्तार करण्याचें येथें कारण नाहीं.

खरी झांकाझांक सुरू होते ती भट्टीवर उकळून, वाफ थंड करून, थेंबाथेंबानें काढलेल्या जहाल दारूपासून. ‘अल्कोहोल’ हा सर्वांत शास्त्रीय वाटणारा शब्दच पाहावा. अरबींत ‘अल्-कुहल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा. युरोपांतील किमयागारांनीं त्याचा अर्थ प्रथम ‘अतिशय बारीक पूड’ असा केला, मग ‘कोणत्याहि पदार्थाचें सूक्ष्म सत्त्व’ असा केला. द्राक्षासवाचें सत्त्व तें ‘अल्कोहोल ऑफ वाइन’ झालें, आणि कालांतरानें त्यांतली वाइन गळून नुसतें अल्कोहोल उरलें. डोळे निवळावे म्हणून जें घालीत त्याचें नांव अशा रीतीनें डोळ्यांवर धुंदी आणणाऱ्या वस्तूला मिळालें.

युरोपांतल्या मठवासीयांनीं या सत्त्वाला लॅटिनमध्यें ‘ॲक्वा व्हिटी’ म्हटलें, जीवनाचें पाणी. तें औषध म्हणून घेत, तेव्हां नांवांत अगदींच खोटेपणा होता असें नाहीं. स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्याच्या हिशेबांत १४९४ सालीं जॉन कॉर नांवाच्या मठवासीयाला हें पाणी करण्यासाठीं मोड आलेले जव दिल्याची नोंद आहे. तेथल्या गेलिक बोलींत या लॅटिन नांवाचें भाषांतर झालें ‘उश्क बेहा’. इंग्रजांच्या तोंडीं तें झिजत झिजत ‘व्हिस्की’ झालें. झिजतांना त्यांतलें जीवन गळालें आणि नुसतें पाणी राहिलें! भाषाशास्त्र्यांच्या मतें हा ‘उश्क’ आणि संस्कृतांतलें ‘उदक’ एकाच कुळांतले आहेत. ‘बेहा’ हाहि ‘जीव’ शब्दाचा दूरचा भाऊबंदच. रशियन ‘व्होडका’ म्हणजेहि पाण्याचेंच लडिवाळ नांव. जगांतल्या जहाल पेयांपैकीं दोन सर्वांत प्रसिद्ध पेयांनीं पाण्याचें नांव घ्यावें, ही गंमत सहज हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. जें मागावयाचें तें पाणी म्हणून मागितलें कीं मागणाऱ्याची मान ताठ राहते.

अरबांनीं याच गाळीव थेंबांना आणखी एक नांव दिलें होतें: ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याच्या झांकणावर वाफेचे थेंब जमतात ते घामासारखेच दिसतात, म्हणून. मराठींतला ‘अर्क’ त्याच घरचा. इंग्रजींतला ‘ॲरक’ हाहि. पूर्वेकडे येणाऱ्या इंग्रज खलाशांना ही दारू हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ताडामाडाच्या रसापासून केलेली मिळाली. ‘ताडी’ शब्द त्यांच्या जिभेवर ‘टॉडी’ झाला आणि जहाजांतून मायदेशीं गेला. तेथें ताड नाहीं. पण शब्द उपाशी राहिला नाहीं. अठराव्या शतकांत स्कॉटलंडमध्यें व्हिस्की, कढत पाणी आणि साखर यांच्या मिश्रणाला टॉडी म्हणूं लागले, आणि सर्दीपडशावर रात्रीं ती घेण्याची चाल तिकडे अजून आहे. घेणाऱ्याला ताडाचें झाड दाखवलें तर तें त्याला ओळखतां येणार नाहीं.

याहून मोठी वाटचाल ‘पंच’ या शब्दाची. शिवकालाच्या अभ्यासकांना डॉ. जॉन फ्रायर हें नांव परिचित आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा वैद्य १६७२ सालीं विलायतेहून निघाला, कोकणांत व घांटावर हिंडला, जुन्नरपर्यंत जाऊन आला, आणि त्याचें प्रवासवृत्त १६९८ सालीं लंडनांत छापलें गेलें. त्यांत तो सांगतो कीं गोव्याजवळच्या नेरूळ येथें सर्वांत उत्तम ॲरक होते, आणि तीपासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पंच’ नांवाचें पेय करतात. या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ पांच, कारण पेयांत जिन्नस पांच. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे ते पांच सामान्यतः मानले जातात. पंचामृत ज्याच्या घरांत आहे त्याला ही व्युत्पत्ति ऐकतांच पटते.

पण पटलेली प्रत्येक व्युत्पत्ति खरी असतेच असें नाहीं. हा शब्द कंपनीच्या माणसांच्या लेखनांत १६३२ पासूनच आढळतो, म्हणजे फ्रायरच्या चाळीस वर्षें आधीं. १६३८ सालीं सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानें तेथील इंग्रजांच्या अशाच पेयाचें वर्णन केलें आहे, आणि त्यानें जिन्नस मोजले आहेत चारच: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर. शिवाय त्या काळच्या इंग्रजी उच्चारांत हा शब्द ‘पुंच’ असा ऐकूं येई, आणि पांचाचा पुंच होणें कांहीं पंडितांना अवघड वाटतें. मोठ्या पिंपाला इंग्रजींत ‘पंचन’ म्हणत. त्याचेंच हें आखूड रूप असावें असा दुसरा तर्क आहे. निवाडा अजून झालेला नाहीं. तरी फ्रायर प्रत्यक्ष या किनाऱ्यावर राहिलेला होता. त्याच्या कानांवर जें आलें तें लंडनच्या अभ्यासिकेंत बसून फेटाळणें तितकेंसें सोपें नाहीं.

व्युत्पत्ति कांहीं असो, फ्रायरनें या पेयाला लावलेलें विशेषण मात्र वैद्याचें आहे. तें शक्ति हरण करणारें आहे असें तो म्हणतो. हीं वर्षें मुंबईच्या इंग्रज वसाहतीला फार जड गेलीं. मुंबईंत माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशी म्हणच त्या काळच्या इंग्रजांत पडली होती. दलदल आणि ताप हीं त्याचीं कारणें होतींच, पण विलायतेहून आलेला कोंवळा शिपाई संध्याकाळ घालवी ती गुत्त्यांत, आणि हिंदुस्थानांतल्या इंग्रजी बंदरांत गुत्त्याला ‘पंच-हाउस’ हेंच नांव रूढ होतें. तिकडे विलायतेंत याच पेयासाठीं चिनी मातीचीं सुंदर घंगाळीं बनूं लागलीं आणि पंचाचें घंगाळ हें सुखवस्तु घराचें भूषण ठरलें. आज शाळेच्या समारंभांत मुलांना देतात त्या दारूविरहित फळांच्या रसालाहि इंग्रजींत पंचच म्हणतात.

हें झालें समुद्रापलीकडून आलेल्या शब्दांचें. इंग्लंडच्या घरांत ज्या शब्दानें सर्वांत खोल घाव घातला तो मात्र शेजारच्या हॉलंडांतून आला. ज्युनिपर नांवाच्या झुडपाचीं फळें घालून केलेल्या डच दारूला ‘जेनेव्हर’ म्हणत. इंग्रजांनीं त्याचें ‘जिनीव्हा’ केलें. स्वित्झर्लंडांतल्या त्या नांवाच्या शहराशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं जिनीव्हाचें तोडून ‘जिन’ झालें. दारूच्या जोरावर येणाऱ्या शौर्याला इंग्रजींत ‘डच करेज’ म्हणतात. सतराव्या शतकांत इंग्रज आणि डच समुद्रावर एकमेकांशीं लढले तसे जमिनीवर खांद्याला खांदा लावूनहि लढले. शेजाऱ्याची बाटली घ्यावी आणि भित्रेपणा त्याच्या नांवावर लिहावा, असा हा व्यवहार.

१६८९ सालीं हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला. फ्रान्सशीं युद्ध सुरू झालें, फ्रेंच ब्रँडी बंद झाली आणि १६९० सालीं पार्लमेंटनें देशी धान्यापासून दारू गाळण्याचा धंदा जवळजवळ मोकळा केला. जमीनदारांना शिलकी धान्याला गिऱ्हाईक हवें होतें, सरकारला कर हवा होता. लंडनांत तळघरांत, हातगाड्यांवर, किराण्याच्या दुकानांत जिन मिळूं लागली, आणि तीहि एका पेनीच्या आंतबाहेर. जिनला लोक ‘मॅडम जिनीव्हा’ म्हणत. दारूला बाईचें नांव देण्यांत एक सोय असते: पुरुष बिघडला तर तिनें बिघडवला, आणि बाई बिघडली तर ती तसलीच.

१७३४ सालीं लंडनच्या न्यायालयांत एक खटला चालला. बेथनल ग्रीन भागांतल्या गरीबगृहांत एका मजूर बाईची दोन वर्षांची मुलगी ठेवलेली होती. तेथें मुलीला नवे कपडे मिळाले होते. आई तिला एका दिवसापुरती म्हणून बाहेर घेऊन गेली. तिनें व तिच्या सोबतिणीनें मुलीचे कपडे काढले, मुलीचा गळा आवळून तिला चरांत टाकलें, आणि कपडे एक शिलिंग चार पेन्सला विकून त्या पैशांची जिन घेतली. आईला फांशी झाली. फ्रान्सिस ग्रोस नांवाच्या गृहस्थानें १७८५ सालीं हलक्या समजल्या जाणाऱ्या इंग्रजी बोलीचा एक कोश प्रसिद्ध केला, त्यांत जिनचीं दहाएक नांवें सांपडतात. ‘लाइटनिंग’ म्हणजे वीज, हें एक. आणखी एक आहे ‘स्ट्रिप-मी-नेकेड’. मराठींत ‘नागवणें’ या क्रियापदाचे जे दोन अर्थ आहेत, कपडे काढणें आणि लुबाडणें, ते दोन्ही या एका नांवांत आहेत. अंगावरचा कपडा गहाण टाकून जिन पिणाऱ्यांच्या वस्तींत तें नांव निघालें असल्यास नवल नाहीं. या एका नांवापुरतें झांकण उडालेलें दिसतें.

लंडनच्या रस्त्यांवरचा हा प्रकार पाहून पार्लमेंटनें १७३६ सालीं कडक कायदा केला. किरकोळ विक्रेत्यानें वर्षाला ५० पौंड भरून परवाना घ्यावा आणि प्रत्येक गॅलनवर २० शिलिंग कर द्यावा. हातगाडीवाली बाई ५० पौंड कोठून आणणार? कायदा २९ सप्टेंबरला अंमलांत आला, आणि त्या सुमारास शहरांत मॅडम जिनीव्हाच्या लटक्या प्रेतयात्रा निघाल्या. गुत्त्यांच्या पाट्यांना काळें फडकें लावण्यांत आलें. अर्थात् बाई मेली नव्हती, तिनें नांवें बदललीं. ‘पोटशूळावरचें पाणी’ म्हणून ती औषधांच्या बाटल्यांतून निघाली; ‘लेडीज डिलाइट’ म्हणजे बायकांचा आनंद झाली; ‘मेक-शिफ्ट’ म्हणजे वेळ मारून नेण्याची सोय झाली. त्याच वर्षीं एक जर्मन साहसी पुरुष कॉर्सिका बेटाचा राजा म्हणून मिरवत होता. त्याचें राज्य कांहीं महिनेच टिकलें, पण लंडनांत जिनला ‘किंग थिओडोर ऑफ कॉर्सिका’ हें नांव देऊन गेलें. परवान्याशिवाय ज्या नांवानें विकणें गुन्हा, तें नांव उच्चारावयाचें नाहीं, एवढाच नियम.

चोरट्या विक्रीची खबर देणाराला ५ पौंड बक्षीस असे. मग डडली ब्रॅडस्ट्रीट नांवाच्या एका इसमानें अशी युक्ति काढली कीं खबर द्यावी तर कोणाविरुद्ध हेंच कळूं नये. त्यानें एका गल्लींतल्या घराच्या खिडकीवर मांजराची आकृति ठोकली. मांजराच्या पंजाखालीं शिशाची नळी. गिऱ्हाईक येई, मांजरीला हलक्या आवाजांत हांक मारून दोन पेन्सची जिन मागे, पैसे तिच्या तोंडांत टाकी, आणि आंतून ओतलेली जिन पंजाखालच्या नळींतून बाहेर येई. आंतला माणूस दिसत नाहीं, त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, आणि मांजरीवर खटला कसा भरणार? हा सगळा वृत्तांत त्यानेंच पुढें आपल्या आत्मचरित्रांत मोठ्या फुशारकीनें सांगितला आहे, तेव्हां त्यांत थोडें तिखटमीठ असेल. पण मांजरीचा प्रकार लवकरच इतर गल्ल्यांतहि दिसूं लागला. कायदा फसला, १७४३ सालीं मागें घेतला गेला, आणि १७५१ सालीं अधिक समजूतदार कायदा झाला. होगार्थचीं ‘जिन लेन’ व ‘बिअर स्ट्रीट’ हीं जोडचित्रें त्याच वर्षींचीं. एका चित्रांत जिन पिणाऱ्या आईच्या मांडीवरून मूल खालीं कोसळतें आहे, दुसऱ्यांत बिअर पिणारे लोक गुटगुटीत व उद्योगी आहेत. उपजत इंग्रज समजूत येथें स्पष्ट दिसते: बिअर घरची, म्हणून निर्दोष, जिन परकी, म्हणून कुलटा. गाळणारे, विकणारे आणि त्यांना धान्य पुरवणारे सगळे इंग्रजच होते हें चित्रांत दिसत नाहीं.

‘रम’ या शब्दाची कथा याहून दूरची. सतराव्या शतकाच्या मध्यास बार्बेडोस बेटावर इंग्रजांनीं उंसाचे मळे केले. साखर काढून उरलेली मळी आंबवून व गाळून जी दारू निघे, तिला तेथले लोक ‘किल-डेव्हिल’ म्हणजे सैतानमार म्हणत, नाहींतर ‘रंबुलियन’. या शब्दाचा एक अर्थ दंगाधोपा. त्याचेंच आखूड रूप रम. या मळ्यांत राबण्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें गुलाम करून आणलेलीं असत. त्यांनीं कापलेल्या उंसाच्या मळीची रम उत्तर अमेरिकेंत ऱ्होड आयलंडच्या भट्ट्यांतहि निघे, आणि तीं पिंपें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन तेथून आणखी माणसें विकत घेत. माणसाच्या श्रमाची दारू आणि दारूच्या मोलानें माणूस, असें हें चक्र फिरत होतें. खलाशांच्या आनंदी बोलींत रमला कितीतरी लाडकीं नांवें मिळालीं. त्यांतल्या एकाहि नांवांत हें चक्र दिसत नाहीं.

१६५५ सालीं इंग्रजांनीं जमेका बेट घेतलें आणि तेथल्या आरमारांत बिअरऐवजीं रम देण्याची चाल पडली. बिअर उष्ण हवेंत नासते, रम नासत नाहीं. १७३१ पासून रोज अर्धा पाइंट रम हा खलाशाचा नियमानें ठरलेला हक्क झाला. म्हणजे माणशीं पाव लिटरच्या आसपास, तीहि निखळ! जहाजावर बळजबरीनें भरती केलेलीं माणसें असत, आणि दारू पिऊन कामांत चुकलें कीं पाठीवर चाबूक बसे. सरकारच पाजी आणि सरकारच फोडून काढी.

एडवर्ड व्हर्नन हा त्या वेळीं वेस्ट इंडीजमधल्या आरमाराचा सेनापति होता. १७४० च्या ऑगस्टांत त्यानें हुकूम काढला कीं अर्धा पाइंट रममध्यें एक क्वार्ट, म्हणजे चौपट, पाणी घालावें. मिश्रण अधिकाऱ्याच्या समक्ष, उघड्या डेकवर व्हावें. आणि तें दिवसांतून दोन वेळां वांटावें. हुकूम शहाणपणाचा होता. खलाशांना तो आवडला नाहीं हें सांगावयास नको. व्हर्नन वाऱ्यापावसांत ‘ग्रोग्रॅम’ नांवाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घाली, म्हणून खलाशी त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत. तेंच नांव त्यांनीं त्याच्या पाणचट रमला देऊन टाकलें. फ्रेंच भाषेंत ‘जाड दाणा’ या अर्थाचे दोन शब्द, त्यावरून कापड, कापडावरून झगा, झग्यावरून माणूस, माणसावरून दारू, असा हा प्रवास. आणि तो तेथेंच थांबला नाहीं. ग्रॉग प्यालेला तो ‘ग्रॉगी’. पुढें मार खाऊन झोकांड्या जाणारा मुष्टियोद्धाहि ग्रॉगी, आणि हल्लीं झोंपेंतून नुकतें उठलेलें, आयुष्यांत थेंबहि न घेतलेलें माणूसहि आपण ग्रॉगी आहों असें इंग्रजींत बिनदिक्कत सांगतें. या व्हर्ननच्या हाताखालीं जॉर्ज वॉशिंग्टनचा थोरला सावत्र भाऊ लढला होता. त्यानें आपल्या जमिनींतल्या घराला सेनापतीचें नांव दिलें. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाचें माउंट व्हर्नन तें हेंच.

रमचा हा शिधा १८२४ सालीं निम्मा झाला आणि १८५० सालीं पुन्हां निम्मा. पण उरलेला अष्टमांश पाइंट खलाशांनीं देवाच्या प्रसादासारखा जपला. रोज दुपारपूर्वीं ‘अप स्पिरिट्स’ अशी आरोळी होई. ‘स्पिरिट’ म्हणजे दारू, आणि ‘स्पिरिट’ म्हणजे आत्माहि. तेव्हां दारूला वर येण्याचा हुकूम झाला कीं खलाशी हळूच पुटपुटत, पवित्र आत्म्यानें मात्र जागा सोडूं नये! रमला ‘नेल्सनचें रक्त’ असेंहि म्हणत. १८०५ सालीं ट्रॅफल्गारच्या लढाईंत पडलेल्या नेल्सनचें शव दारूच्या पिंपांत घालून मायदेशीं आणलें, हें खरें. तें पिंप वाटेंत खलाशांनीं नळी लावून रिकामें केलें, ही कथा. शिवाय पिंपांत होती ती ब्रँडी. ३१ जुलै १९७० रोजीं हा शिधा कायमचा बंद झाला. यंत्रें आणि क्षेपणास्त्रें चालवणाऱ्या हातांना दुपारची रम परवडत नव्हती. खलाशांनीं दंडाला काळ्या फिती बांधल्या, एके ठिकाणीं लटकी शवपेटीहि निघाली. मॅडम जिनीव्हाच्या प्रेतयात्रेला तेव्हां दोनशें चौतीस वर्षें होत आलीं होतीं.

पुढच्या शब्दांचा विस्तार करण्याचें कारण नाहीं. ‘कॉकटेल’चें पहिलें स्पष्ट लक्षण १८०६ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतल्या एका वृत्तपत्रानें दिलें, नांवांत कोंबड्याची शेपटी कां, याविषयीं मतें पुष्कळ आणि पुरावा थोडा. न पिणाऱ्यांना स्वतःचा शब्द मिळाला तो १८३३ सालीं, इंग्लंडांतल्या प्रेस्टन गांवीं रिचर्ड टर्नर नांवाच्या एका कष्टकऱ्याकडून. संपूर्ण वर्ज्य, या अर्थाचा ‘टोटल’ हा शब्द उच्चारतांना त्यानें पुढें आणखी एक ‘टी’ जोडला, आणि ‘टीटोटल’ शब्द जन्मास आला. तो बोलतांना अडखळला असें कोणी म्हणतात. त्यानें जोर देण्यासाठीं अक्षर मुद्दाम दुणावलें असें कोणी.

एका शब्दापाशीं मात्र थांबलें पाहिजे. अलास्काच्या किनाऱ्याजवळ ॲडमिरल्टी नांवाचें बेट आहे. तेथें ट्लिंगिट लोकांची जी शाखा राहते तिच्या नांवाचा अर्थ ‘अस्वलाचा गड’. गोऱ्यांनीं त्याचें ‘हूचिनू’ केलें. १८६७ सालीं अमेरिकेनें अलास्का रशियाकडून विकत घेतला, मागोमाग शिपाई आले, आणि मळी गाळून जहाल दारू करण्याची विद्या बेटावर पोंचली. मग त्या दारूलाच त्या लोकांचें नांव पडलें. १८८२ च्या ऑक्टोबरांत, दारूशीं संबंध नसलेल्या एका तंट्यावरून, अमेरिकन आरमारानें त्यांच्या अँगून गांवावर तोफा डागल्या, होड्या फोडल्या, हिवाळ्यासाठीं साठवलेलें अन्न जाळलें. धुरानें सहा मुलें गुदमरून मेलीं. आरमारानें त्याबद्दल रीतसर क्षमा मागितली ती २०२४ सालीं. दरम्यान क्लोंडाइकच्या सोन्यामागें धांवणाऱ्या लोकांनीं ‘हूचिनू’चें ‘हूच’ केलें होतें, आणि १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळांत तो शब्द अमेरिकाभर पसरला. कारखान्यांसाठींचें अल्कोहोल कोणी पिऊं नये म्हणून सरकारी नियमानें त्यांत मिथाइल अल्कोहोल मिसळीत. चोरटे व्यापारी तें पुन्हां गाळून हूच म्हणून विकीत, आणि पिणारे आंधळे होत वा मरत.

तेथून हा शब्द इंग्रजी वृत्तपत्रांबरोबर हिंदुस्थानांत आला, आणि येथें चोरून गाळलेल्या दारूचें नेहमींचें नांव झाला. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईंत, मालाडच्या मालवणी भागांत, मिथाइल अल्कोहोल मिसळलेली दारू पिऊन शंभरांहून अधिक माणसें मेलीं. बहुतेक हातावर पोट असलेलीं. त्या बातमीच्या इंग्रजी मथळ्यांत तिला हूच म्हटलें होतें, मराठी मथळ्यांत विषारी दारू.